हळदीचा फोटो आणि दोन दिवसांचं शिबिर

माझ्या एका मित्राचा तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, साखरपुडे आणि अधूनमधून वाढदिवसाचे फ्लेक्स. मध्यंतरी तो शहरातल्या एका हॉटेलात फोटो-एडिटिंगच्या दोन दिवसांच्या शिबिराला जाऊन आला. थंडगार हॉल, मंचामागे भिंतभर पडदा, दोनशे खुर्च्या, जेवणात पनीर. शिकवणारा गृहस्थ तयारीचा होता. त्यानं चाळीस मिनिटांत एका मॉडेलचा चेहरा असा काही उजळवला की लोकांनी टाळ्या वाजवल्या. मित्रानं वही भरून काढली, मोबाइलवर पडद्याचे फोटो घेतले, आणि खुशीत परतला.

मंगळवारी त्यानं एका लग्नातले हळदीचे फोटो उघडले. पिवळ्या कापडाचा मांडव, बाहेर दुपारचं ऊन, नवरीच्या अंगाला हळद. सगळा फोटो पिवळाजर्द आणि नवरीचा चेहरा कावीळ झाल्यासारखा. त्यानं वही उघडली. वहीत होतं : ‘स्टेप ४ – कर्व्ह घ्या, थोडं वर’. कुठल्या रंगाचा कर्व्ह? थोडं म्हणजे किती? शेवटी त्यानं नेहमीसारखा रंगांचा गडदपणा खाली ओढला. चेहरा बरा झाला, पण हळदीची राख झाली. ‘‘बघताना सगळं कळत होतं रे,’’ तो मला म्हणाला, ‘‘हातात घेतल्यावर काहीच येईना.’’

हा अनुभव त्याच्या एकट्याचा नाही. शिकवणारा चांगला, शिकणारा मन लावून बसलेला, मग विद्या मधेच कुठे सांडली?

आधी त्या पिवळ्याचं बघू

पडद्यावरचा फोटो बारीक ठिपक्यांचा बनलेला असतो आणि प्रत्येक ठिपक्यात जणू तीन दिवे असतात : लाल, हिरवा, निळा. नेहमीच्या फोटोत प्रत्येक दिव्याची उजेडाची पातळी ० ते २५५ असते. तिन्ही पूर्ण पेटले की पांढरं, तिन्ही विझले की काळं. पिवळ्या रंगाचा वेगळा दिवा नसतो. लाल आणि हिरवा जोरात आणि निळा मंद, असं झालं की आपल्याला पिवळं दिसतं. मांडवाच्या पिवळ्या कापडातून ऊन गाळून येतं तेव्हा कापड त्यातला निळा उजेड अडवतं. म्हणजे मित्राच्या फोटोत पिवळं जास्त झालेलं नव्हतं, निळं कमी पडलं होतं.

आमटी आंबट झाली तर पाणी ओतून आंबटपणा मारता येतो, पण मग आमटीच पचपचीत होते. जाणती बाई गुळाचा खडा टाकते. मित्रानं रंग फिके केले ते पाणी ओतणं होतं. गूळ म्हणजे इथे निळा. कर्व्ह ही साधी तिरकी रेघ असते. तिचं डावं टोक फोटोतल्या काळोखाचं, उजवं टोक उजेडाचं. निळ्या रंगाची रेघ निवडून तिचा मधला भाग थोडा वर उचलला, की मध्यम उजेडाच्या भागात, म्हणजे बहुतेक वेळा चेहऱ्यातच, निळा वाढतो आणि कावीळ उतरते. ‘थोडं’ म्हणजे किती, याचं माप वहीत मिळत नाही, फोटोतच शोधावं लागतं. नवरदेवाचा पांढरा सदरा किंवा डोळ्यांतलं पांढरं पांढरं दिसू लागलं की थांबायचं.

पण हळद तर पिवळीच राहायला हवी. इथे मास्क लागतो. मास्क म्हणजे ‘हा बदल कुठे दिसावा आणि कुठे दिसू नये’ याचा नकाशा. नकाशात पांढरं रंगवलं तिथे बदल दिसतो, काळं रंगवलं तिथे झाकला जातो, करडं ठेवलं तिथे अर्धामुर्धा दिसतो. आपले शिंपी वाढत्या अंगाच्या मुलीचा फ्रॉक शिवताना खाली दोन बोटं कापड दुमडून आत ठेवतात. वरून दिसत नाही, पण उंची वाढली की टाके उसवून मोकळं करता येतं. मास्कचं तसंच आहे. खोडरबरानं पुसणं म्हणजे कापड कापणं, मास्कनं झाकणं म्हणजे दुमडणं. आठ दिवसांनी नवरीची आत्या येऊन ‘गालावरची हळद गेली हो’ म्हणाली, तर तेवढ्याच जागी काळा ब्रश फिरवून हळद परत आणता येते.

कुठला रंग कमी पडलाय आणि बदल कुठे हवाय, या दोन प्रश्नांवर लग्नाच्या अल्बमचं निम्मं काम भागतं. शिबिरातल्या पायऱ्यांमागेही हेच दोन प्रश्न होते. वहीत मात्र पायऱ्याच उतरल्या.

ही शिबिरं अशी का झाली

मिशिगन विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या थॉमस नोल यांनी १९८७मध्ये आपल्या मॅकिंटॉशवर करड्या छटांची चित्रं दाखवणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्यांचे भाऊ जॉन सिनेमातली दृश्यचमत्कृती करणाऱ्या इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या कंपनीत होते. दोघांनी तो वाढवला, अ‍ॅडोबी कंपनीनं घेतला आणि फेब्रुवारी १९९०मध्ये फोटोशॉपची पहिली आवृत्ती आली, तीही फक्त मॅकिंटॉशसाठी. तीत लेयर नव्हते. लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद, १९९४च्या तिसऱ्या आवृत्तीत आले. केलेल्या कामात बरीच पावलं मागे जाता येईल अशी हिस्टरी तर १९९८च्या पाचव्या आवृत्तीची. त्याआधी चूक झाली तर एकच पाऊल मागे. ज्यांनी त्या काळात काम केलंय, त्यांच्या हाताला अजूनही दर दोन मिनिटांनी सेव्ह करायची सवय असते.

त्या जगात माहिती दुर्मीळ होती. सॉफ्टवेअर खोक्यात मिळायचं, नवी आवृत्ती दीड-दोन वर्षांनी यायची आणि तीत काय नवं आहे ते सांगणारं माणूस गाठणं अवघड होतं. म्हणून अमेरिकेत स्कॉट केल्बी यांच्या पुढाकारानं फोटोशॉप वापरणाऱ्या व्यावसायिकांची संघटना उभी राहिली, आणि तिची ‘फोटोशॉप वर्ल्ड’ ही परिषद ऑर्लँडो, लास व्हेगास अशा शहरांत भरू लागली. मॅक्स ही अ‍ॅडोबीची स्वतःची परिषद. २००५मध्ये मॅक्रोमीडिया कंपनी विकत घेतली, तिच्याबरोबर ती चालत आली. आपल्याकडच्या हॉटेलांतली शिबिरं या परिषदांची धाकटी भावंडं आहेत : मंच, पडदा, जाणकार, टाळ्या.

मंचावर संगणक चालवून दाखवायची रीत त्याहून जुनी आहे. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगलबार्ट यांनी सुमारे हजार तंत्रज्ञांसमोर दीड तास आपली यंत्रणा चालवून दाखवली. माउस, पडद्यावर शब्दांची हलवाहलव, दूरच्या सहकाऱ्याशी थेट चित्रसंवाद, सगळं एकाच बैठकीत. ते प्रात्यक्षिक अजून नावाजलं जातं. पण ‘असंही होऊ शकतं’ एवढं पटवण्यासाठी ते होतं. हॉलमधल्या कुणाला दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन ते करायचं नव्हतं. आपण त्या खेळाचा साचा उचलला आणि त्यावर शिकवणीची पाटी लावली.

पुढे माहितीची टंचाई संपली. मे २०१३मध्ये लॉस एंजेलिसच्या मॅक्समध्येच अ‍ॅडोबीनं सांगितलं, की आता खोकी बंद, पुढचं सगळं वर्गणीवर. नव्या सोयी वर्षभर कधीही येऊ लागल्या, त्यामुळे ‘यंदाच्या परिषदेत नवं काय’ या प्रश्नातला जीव गेला. यूट्यूब तर होतंच. २०२०मध्ये साथीमुळे मॅक्स पूर्ण ऑनलाइन आणि फुकट झाली. जे ऐकायला लोक विमानानं जात होते, ते माजघरात बसून बघता आलं. मग प्रवासखर्च करून एका हॉलमध्ये जमायचं ते कशासाठी?

बघण्यातली फसगत

मायकल कार्डस आणि एड ओब्रायन या शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८मध्ये एक गमतीशीर प्रयोगमाला प्रसिद्ध केली. वरची भांडी न हलवता टेबलावरचं कापड झटक्यात ओढून काढण्याची युक्ती लोकांना काही सेकंदांच्या फितीतून दाखवली. काहींना एकदा, काहींना वीस वेळा. वीस वेळा बघणाऱ्यांना ‘आपल्यालाही जमेल’ असं जास्त वाटलं. फळ्यावर हातानं फेकायच्या बाणांची (डार्टची) फीत दाखवून मग खरोखर बाण फेकायला सांगितलं, तेव्हा जास्त वेळा बघणाऱ्यांचा विश्वास वाढलेला होता, नेम मात्र तेवढाच. आणखी एका प्रयोगात लोकांना हवेत वस्तू झेलण्याचा खेळ दाखवला आणि नंतर त्या वस्तू नुसत्या हातात धरायला दिल्या. धरल्याबरोबर त्यांचा विश्वास खाली आला. वजन कळलं!

शिबिरात हेच होतं. पडद्यावर माउस कुठे गेला ते दिसतं. तिथेच का गेला आणि दुसरीकडे का गेला नाही, ते दिसत नाही. तयार माणूस कंट्रोल आणि जे दाबून लेयरची प्रत काढतो, तेव्हा तो त्याबद्दल बोलतही नाही. ते त्याच्या बोटांत गेलेलं असतं. भाकरी थापणाऱ्या आजीला ‘पाणी किती?’ विचारा. ती ‘लागेल तेवढं’ म्हणते. ती काही लपवत नसते, तिला ते खरंच शब्दांत येत नाही. शिवाय जॉर्ज मिलर यांनी १९५६च्या प्रसिद्ध लेखात दाखवलं होतं, की माणूस एका वेळी साधारण सात सुटे तुकडेच ध्यानात धरू शकतो. पुढच्या संशोधकांनी हा आकडा आणखी खाली, चारच्या आसपास आणला. चौदा पायऱ्यांपैकी पाचवी लिहून होते तेव्हा सातवी होऊन गेलेली असते.

आणि एक गंमत आयोजकांनी जपून वाचावी. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर झालेला एक अभ्यास २०१९मध्ये प्रसिद्ध झाला. काही तास सफाईदार व्याख्यानाचे, काही विद्यार्थ्यांनी स्वतः गणितं सोडवत धडपडण्याचे. चाचणीत धडपडणाऱ्यांना जास्त गुण मिळाले, पण ‘तुम्ही किती शिकलात?’ या प्रश्नावर जास्त समाधानी होते व्याख्यानवाले. चहाच्या टेबलावर भरून घेतलेल्या अभिप्राय-फॉर्मवर ज्या शिबिराला पाचपैकी पाच तारे मिळतात, ते शिकण्याच्या दृष्टीनं कच्चं असू शकतं.

मुरलेल्या हाताची अडचण

नवख्यापेक्षा जुन्या ऑपरेटरचं दुखणं निराळं असतं. आयबीएममधले जॉन कॅरल आणि मेरी बेथ रॉसन यांनी १९८७मध्ये एक विरोधाभास मांडला. लोकांना काम उरकायचं असतं, शिकायचं नसतं, म्हणून येतं त्याच रस्त्यानं ते वर्षानुवर्षं जातात. जवळचा रस्ता बाजूलाच असला तरी. फ्लेक्सच्या दुकानात कोरल ड्रॉवर पंधरा वर्षं काढलेला माणूस केसांची कडा माउसनं एकेक ठिपका देत कापत बसतो ते यामुळेच. त्याला आळशी म्हणण्यात अर्थ नाही. बाहेर गणपती मंडळाची पोरं उभी असतात आणि बॅनर संध्याकाळी लागायचा असतो.

कॅरल यांनी त्याआधी, १९८४मध्ये, आणखी एक प्रयोग केला होता. शिकाऊ सायकलला बाजूची छोटी चाकं असतात ना, तसं त्यांनी एका वर्ड प्रोसेसरला केलं. नवख्यांचे पाय ज्यांत अडकतात ते मेनूतले पर्याय बंद ठेवले. दाबलं तर ‘हे आत्ता मिळणार नाही’ एवढंच यायचं. लोक चुकांच्या दलदलीत कमी फसले आणि मूळ काम लवकर शिकले. फोटोशॉपमध्ये साधनांची पट्टी हवी तशी छाटून ठेवायची सोय आहे. मी हजेरी लावलेल्या एकाही शिबिरात कुणी ती छाटलेली पाहिली नाही. तिथे ‘साठ साधनं साठ मिनिटांत’ असली फुशारकी चालते.

पडदा उलटा फिरवला तर

आजच्या शिबिरात दोनशे जणांचे डोळे एका पडद्याकडे असतात. माझं म्हणणं एवढंच, की दिशा बदलावी. जाणत्याचा पडदा घरबसल्या बघता येतो. आपला पडदा मात्र जाणत्या माणसाला दाखवायचा तर एकत्र यावं लागतं. तालमीत वस्ताद स्वतः किती कुस्त्या खेळून दाखवतो? तो आखाड्याच्या कडेला उभा राहून पोरांचे पाय बघतो.

प्रत्येकानं येताना आपली एक अडलेली फाइल आणावी. नमुन्याची मॉडेल नको. आपल्याच गिऱ्हाईकाची, त्याची परवानगी घेऊन. सहा जणांचं एक टेबल, आणि दोन टेबलांमध्ये फिरत राहणारा एक जाणकार, ज्याला एकच नियम : शिकणाऱ्याच्या माउसला हात लावायचा नाही. हा नियम पाळणं सगळ्यांत कठीण. समोरचा चुकीच्या लेयरवर ब्रश फिरवतोय हे दिसत असताना गप्प बसायला संयम लागतो. पण ‘अरे, दिसत का नाही काही?’ असं म्हणून तो स्वतःच लेयरच्या पट्टीकडे बघेल, तेव्हा ते त्याचं होईल.

मंच पूर्ण काढायचीही गरज नाही. दिवसातून एकदा जाणकारानं मंचावर यावं आणि प्रेक्षकांतून आलेली, त्यानं आधी न पाहिलेली फाइल उघडावी. मग तो अडखळेल, दोन वाटा चुकेल, मागे येईल, आणि मोठ्यानं विचार करेल. ते चुकणं आणि सावरणं तयार फितींत कधी नसतं, कारण संकलनात कापलेलं असतं.

चौकट : साठ माणसांचा एक दिवस

आठवडाभर आधी : पायाच्या दोन छोट्या फिती घरी बघणं, आपली अडलेली फाइल निवडणं.
सकाळी १० : दहा टेबलं, प्रत्येकी सहा माणसं. प्रत्येकानं दोन मिनिटांत ‘माझं इथे अडलंय’ सांगायचं.
१०.३० ते १ : ज्याच्या त्याच्या फाइलवर काम. साधनांची पट्टी छाटलेली. जाणकार बघणार, विचारणार, माउसला हात लावणार नाही.
दुपारी २ : शेजाऱ्याशी फाइलची अदलाबदल. दुसऱ्याचे लेयर वाचून त्यानं काय केलं ते सांगायचं.
३.३० : मंचावर एक अनोळखी फाइल, न ठरवलेली.
४.३० : वही मिटून सकाळचंच काम पहिल्यापासून पुन्हा.
पुढे : एक, तीन आणि सहा आठवड्यांनी संध्याकाळी तासभर त्याच टेबलाची ऑनलाइन गाठ.

शेवटच्या दोन ओळींबद्दल थोडं. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं, की पाठ केलेलं सुरुवातीच्या तासांत आणि दिवसांत झपाट्यानं गळतं आणि पुढे गळती मंदावते. गळायला लागल्यावर मध्ये अंतर ठेवून पुन्हा आठवायचा प्रयत्न केला, तर ते जास्त टिकतं. म्हणूनच पुस्तक मिटून पाढे म्हणायला लावायचे. दोन दिवस सलग कोंबण्यापेक्षा तेच तास तुकड्यांत वाटणं शहाणपणाचं आहे.

टेबलाच्या रचनेत आणखी एक फायदा आहे : तिथे आपले प्रश्न येतात. फोटोशॉपमध्ये मराठी टाइप केलं की पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटतात, हे दुखणं जुन्या आवृत्त्या वापरणाऱ्या अनेकांना माहीत आहे. कारण सोपं आहे. युनिकोडमध्ये ‘कि’ उच्चाराच्या क्रमानं साठवलं जातं, आधी क आणि मग वेलांटी. वेलांटी उचलून पुढे मांडायचं काम अक्षररचनेच्या इंजिनाचं. लॅटिन लिपीसाठीचं इंजिन निवडलेलं असेल, तर त्याला हा रिवाज ठाऊक नसतो. प्रेफरन्सेसमधल्या टाइप विभागात दक्षिण आशियाई लिपी समजणारं इंजिन निवडलं, फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडलं आणि नव्या फाइलमध्ये टाइप केलं, की वेलांटी जागेवर येते. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपीसारख्या सॉफ्टवेअरमधले जुने फाँट अक्षर जसं दिसतं तशा क्रमानं साठवतात, म्हणून त्यांना ही अडचण आली नाही आणि दुकानांतून ते अजून हलले नाहीत. लास व्हेगासच्या मंचावर हा प्रश्न कशाला येईल? सहा जणांच्या टेबलावर मात्र तो पहिल्या तासातच येतो, आणि उत्तर बहुधा शेजाऱ्याकडे असतं.

बटणानं झालं तर?

मे २०२३मध्ये फोटोशॉपच्या चाचणी आवृत्तीत जनरेटिव्ह फिल आलं. जागा निवडा, हवं ते शब्दांत लिहा, यंत्र भरून देतं. मंडपातली लोंबती वायर काढायला तासभर लागायचा, ती आता काही सेकंदांत जाते. मग पायऱ्या शिकायच्या तरी कशाला, असं विचारणारे भेटतात. पायऱ्यांपुरतं त्यांचं बरोबर आहे. पण यंत्र तीन पर्याय पुढे करतं आणि त्यांतल्या दोनांत पैठणीचा काठ मधेच दिशा बदलतो किंवा मंगळसूत्राच्या वाट्या तीन होतात. हे दिसायला नजर लागते, आणि दिसल्यावर तेवढीच जागा झाकायला मास्क यावाच लागतो. शिवाय न आलेल्या काकांना पंगतीत बसवून देणं आता सोपं झालंय. बसवावं का, यावर टेबलावर वाद होऊ द्यावेत. मी स्वतः नको म्हणेन. माझा मित्र म्हणतो, ‘‘गिऱ्हाईक तुझ्याकडे येत नाही, म्हणून तुला परवडतं.’’

प्लग, पैसा आणि मुहूर्त

अडचणी आहेत आणि त्या बारीक नाहीत. दोनशे श्रोत्यांना एक वक्ता पुरतो. साठ शिकणाऱ्यांना दहा टेबलांसाठी निदान पाच जाणकार हवेत. खर्च माणशी वाढतो. कॅमेरा आणि प्रिंटर कंपन्यांचे प्रायोजक गर्दी मोजून पैसे देतात, त्यांना साठ हा आकडा केविलवाणा वाटतो. साठ लॅपटॉप म्हणजे साठ प्लग. हॉटेलच्या हॉलमध्ये भिंतीला चार असतात आणि बाकीचं एक्स्टेन्शन बोर्डावर. बऱ्याच डीटीपी ऑपरेटरकडे लॅपटॉपच नसतो, मशीन दुकानात आणि दुकान मालकाचं. त्यांच्यासाठी आयटीआय किंवा कॉलेजची संगणक प्रयोगशाळा रविवारी मागून घेणं हॉटेलपेक्षा बरं. एसी नसेल, पण प्लग असतात.

पैशाचा एक तोडगा मित्रानंच सुचवला. आपल्याकडे चातुर्मासात लग्नं नसतात, तुळशीच्या लग्नानंतर हंगाम उघडतो. आषाढ ते कार्तिक स्टुडिओ ओस पडलेले असतात आणि पितृपक्षात तर हॉलही स्वस्त मिळतो. मी एबिंगहाउसचा दाखला देऊन शंका काढली, की भाद्रपदात शिकलेलं मार्गशीर्षात वापरायचं म्हणजे मधे सगळं गळून जाईल.

‘‘गळेल कसं?’’ तो म्हणाला. ‘‘गेल्या हंगामाची हार्ड डिस्क आहे ना. एकवीस हळदी आहेत तिच्यात. दर सोमवारी एक काढतो.’’ पहिल्या सोमवारी त्यानं निळ्याची रेघ हाती धरली. अजून ती जास्तच वर जाते आणि नवरी जांभळट होते, पण गालावरची हळद पिवळी राहिली आहे.